पडून गेलेली माणसं

शिंपीणबाईंच्या घराण्यातले पुरुष पडून मरतात, हे सगळ्या गल्लीला पाठ होतं. आजोबा जिन्यावरून पडले, मोठे काका सायकलवरून आणि चुलत आजोबा तर साध्या खुर्चीवरून. "आपल्या माणसांचे पायच धड नाहीत," असं आत्या सांगायची, तेही जरा कौतुकानं.

त्यामुळे शिंपीणबाईंचा रंगकाम करणारा धाकटा भाऊ शिडीच्या दुसऱ्याच पायरीवरून धाडकन कोसळला, तेव्हा घरात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. हाताला प्लास्टर घालताना डॉक्टरीणबाईंनी मात्र विचारलं, "पाय घसरला की चक्कर आली?"

"काय माहीत! डोळे उघडले तेव्हा खालीच होतो."

"घरात आणखी कुणी असं पडलंय?"

शिंपीणबाईंनी एका दमात तिघांची हकिगत सांगितली. डॉक्टरीणबाईंचा हात जागीच थांबला. "तिघांच्या मृत्यूच्या नोंदी मिळतात का बघा. लवकर."

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून शिंपीणबाई आत्यासह नोंदणी कचेरीत हजर. कारकुनानं आजोबांच्या मृत्यूचं साल विचारलं.

"मी मॅट्रिकला नापास झाले ते वर्ष," आत्या म्हणाली. "म्हणजे पहिल्यांदा नापास झाले ते."

कारकुनाला हसू आवरेना, पण त्यानं जुन्या वह्यांची चळत आणून टेबलावर ठेवली. धूळ झटकत दोघी पानं उलटू लागल्या. आजोबा, वय बेचाळीस. कारण: हृदयक्रिया अचानक बंद. काका, वय एकोणचाळीस. तेच कारण. चुलत आजोबांच्या पानाला कसर लागली होती, तरी रकान्यात 'हृद' एवढी अक्षरं शाबूत होती.

"आत्या, ही माणसं पडून मेली नाहीत गं," शिंपीणबाई हळूच म्हणाल्या. "मेली म्हणून पडली."

आत्यानं वही मिटली. मग पदरानं चष्मा पुसत म्हणाली, "आणि मी दादाला, तुझ्या मोठ्या काकाला, जन्मभर धांदरट म्हटलं."

तपासणीत धाकट्याच्या हृदयाची लय मधूनच बिघडते, असं निघालं. आठवड्याभरात गळ्याजवळच्या हाडाखाली लय सांभाळणारं काडेपेटीएवढं यंत्र बसलं. शिंपीणबाईंनाही तोच वारसा होता, पण त्यांचं गोळ्यांवर भागलं. आत्या ठणठणीत निघाली आणि त्याचं तिला किंचित वाईटही वाटलं.

मग शिंपीणबाईंनी नोंदींच्या नकला काढल्या आणि एकेका नातेवाइकाला फोन लावायला बसल्या. कुणी थट्टा केली, कुणी "बघू" म्हटलं. चुलत आजोबांच्या नातवानं मात्र सगळं नीट ऐकून घेतलं.

"ताई, मलाही मधेच डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि मी तलावावर पोहायला शिकवतो."

"आत्ता कुठे आहेस?"

"काठावर. पाय पाण्यात."

"काढ ते पाय बाहेर आणि नीघ डॉक्टरकडे!"

ओल्या अंगावर सदरा चढवून तो तस्साच निघाला.