सोळा आणे आभाळ

"मुर्धा बंद करूया, संचिता मॅडम," योगेंद्र सर फोनवर म्हणाले. "जवळजवळ तीन वर्षांचं रेकॉर्ड आहे, सगळंच काढून टाकू. म्हातारबाबांना तुम्हीच जाऊन सांगा. नीट सांगा हां, वाईट वाटायला नको."

माझी लेक सलोनी मांडीवर बसून फोनची वायर ओढत होती. तिची बोटं सोडवत मी विचारलं, "सगळंच, सर?"

"उपग्रह म्हणतोय पाव आभाळ, हे म्हणतायत अर्धं. पावसाळ्यात तर रोज पूर्ण भरलेलं. कोणीतरी घरात बसून आकडे टाकतंय, दुसरं काय."

मी फोन ठेवला. घरात बसून आकडे टाकणारं कोणीतरी होतं, हे खरंच होतं. ती मी होते.

सरांचं संशोधन ढगांवर होतं. वरून जाणाऱ्या उपग्रहाला मिठागरात पडलेलं मीठ आणि ढग, दोन्ही पांढरेच दिसतात. म्हणून उपग्रह भाईंदरवरून जातो त्याच मिनिटाला खाली उभं राहून आभाळ बघणारा माणूस त्यांना हवा होता. मुर्ध्याचे नाथाबाबा मिळाले. सत्तरीचे, जन्म मिठागराच्या बांधावर गेलेला. उपग्रहाच्या वेळांची यादी दर महिन्याला जायची. बाबा आकडा सांगायचे, सून चांदणी वहीत लिहायची, आणि मी महिनाअखेरीला वही आणून भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकमधल्या घरी बसून कॉम्प्युटरवर चढवायची. बीएस्सीला फिजिक्स होतं, लग्नानंतर एवढंच उरलं होतं.

आभाळाचे आठ भाग धरायचे आणि त्यातले किती ढगांनी भरले ते लिहायचं, अशी या कामातली रीत. आठाच्या वर आकडा असूच शकत नाही. बाबांच्या वहीत मात्र मधूनच दहा यायचे, बारा यायचे, पावसाळ्यात सोळाही. मी त्यांचे आठ करून टाकायची. म्हाताऱ्या माणसाची चूक, आपणच सांभाळून घ्यावी. पहिल्या वेळी सरांना विचारायला फोन उचललाही होता. मग वाटलं, एवढंही कळत नाही का, म्हणतील. ठेवून दिला. पुढे सवय झाली.

दुसऱ्या दिवशी सलोनीला घेऊन पश्चिमेला गेले आणि उत्तनच्या बसने मुर्ध्याला उतरले. फेब्रुवारी होता. वाफ्यांत मीठ धरायला लागलं होतं आणि ऊन त्याच्यावरून डोळ्यांत येत होतं. बांधावर दोन्ही बाजूंना पाणी. मी सलोनीचं मनगट घट्ट धरून चालत होते.

"सोड तिला, पोरी," नाथाबाबा लांबूनच ओरडले. "पडली त पडली. मिठान पडलेली वस्तू जास्त दिस टिकते."

"बाबा, काहीही काय!" चांदणी हसली. "ताई घाबरतात ना. आधीच पोरीला दोन स्वेटर घातलेत."

"एकच आहे," मी म्हटलं. तो उन्हात कशाला घातला होता, ते मलाही सांगता आलं नसतं.

सांगायचं कसं, याची मनातल्या मनात जुळणी चालली होती. तेवढ्यात चांदणीने यादी बघितली. "बाबा, दहा चाळीस."

"पाव्हना आला," म्हणून बाबांनी डोक्याचं फडकं सोडलं. उपग्रहाला ते पाव्हनाच म्हणायचे. ते बांधावर सरळ उभे राहिले आणि एका जागी हळूहळू फिरत चारी दिशा बघून आले. घाई नाही. डोळ्यांवर हातही धरला नाही. ज्याला सर घरात बसून आकडे टाकणारा म्हणत होते तो माणूस हा.

"चार," ते म्हणाले.

चांदणीने चार लिहिले.

मी वर बघितलं. उत्तनच्या बाजूला ढगांचा एक पुंजका होता, खाडीवर विरळ पट्टा. सगळं मिळून पाव आभाळ. आठातले दोन.

"बाबा, चार कसे? हे तर दोनच होतात."

"दोन? डोले तपासून घे. दोन आने त यो एकला कोपराच हाय."

"आणे?"

"मंग? आभाल सगला भरला त सोला आने. सायबान सांगलेला, किती भरलाय त्यो आकडा लिव. मिठाचा पीक बी आमी तसाच सांगतू. यंदा बारा आने, यंदा धा आने."

चांदणी माझ्याकडे बघत होती. "ताई, काय झालं? बसा, बसा इथे."

मी बसले. सोळा आणे. बारा म्हणजे सहा, दहा म्हणजे पाच, आणि आजचे चार म्हणजे बरोबर दोन. म्हाताऱ्याचा एकही आकडा चुकला नव्हता. सगळे निम्मे करायचे, की उपग्रहाशी जुळले असते. आठाच्या वरचे ते दहा-बारा तसेच पुढे गेले असते, तर सरांनी पहिल्या महिन्यातच विचारलं असतं, हे काय आहे? मीच ते खोडले होते.

मोबाईल हातात होता. फक्त आण्यांचं सांगितलं असतं तरी चाललं असतं, असं क्षणभर वाटून गेलं. पण मग सरांनी माझे आठ निम्मे करून चार धरले असते, आणि बाबा पुन्हा खोटे ठरले असते.

बांधाच्या टोकाला जाऊन मी फोन लावला. सलोनी कडेवर. सगळं सांगितलं.

"म्हणजे आकडे तुम्ही बदललेत," सर म्हणाले.

"हो सर. आठाच्या वरचे सगळे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"मूळ वह्या आहेत?"

"मधल्या वर्षाची माझ्याकडे राहिली म्हणून आहे, चालू वर्षाची आहे. पहिल्या वर्षाची गेल्या सव्वीस जुलैच्या पाण्यात गेली. यांच्या घरात कमरेएवढं पाणी होतं."

"मग पहिलं वर्ष काढावं लागेल. बाकीचं वाचलं. मुर्धा चालू ठेवू." मग म्हणाले, "वह्या इकडे पाठवून द्या. टायपिंग आता इथेच करून घेऊ, मॅडम."

"चालेल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

परत येऊन मी बाबांना सांगितलं. काही लपवलं नाही. तुमचे आकडे बरोबर होते, मी बदलले, दोन वर्षांचं वाचलं, पहिलं साल गेलं.

त्यांनी फडकं गुंडाळता गुंडाळता हात थांबवला. "पयला साल का?"

"हो."

"सगला?"

मी मान हलवली. चांदणी वहीची कड बोटाने घासत होती. "आई त्याच साली गेल्या, ताई," ती म्हणाली. "श्रावणात. अंगणात माणसं जमलेली, आईंना बाहेर ठेवलेलं. बाबा उठले, घराच्या मागे गेले. मला वाटलं, रडायला गेले असतील. आले आणि माझ्या कानात आकडा सांगितला. इतका राग आला मला त्यांचा! पण लिहिला मी."

"येल झालेली," बाबा म्हणाले. "रखमाबाय काय, यादी बघूनच मना उठवायची रोज. नायतर बोलली असती, पाव्हना गेला नि तू बसलास."

त्या श्रावणात माझ्या फाईलमध्ये ओळीने आठच होते, त्या दिवशीही. मी ते सांगितलं. "पण बाबा, ते वहीत आठच होते की बाराचे मी आठ केले, मला सांगता येणार नाही आता."

"सोला व्हतं," ते म्हणाले. "एक भोक नवतं आभालाला."

सोळा आणे म्हणजे आमचे आठच. त्या एका दिवसाचा आकडा माझ्या हातून बरोबर गेला होता.

"मंग तेवरा ऱ्हाऊ दे," बाबा म्हणाले.

मला हो म्हणावंसं वाटत होतं. एक आकडा तर होता. "नाही बाबा. आठवणीवरून सांगितलेलं ते लोक धरत नाहीत."

त्यांनी वाद घातला नाही. सलोनी माझ्या हातातून निसटून त्यांच्याजवळ गेली आणि गुडघ्याला धरून उभी राहिली. मी उठले नाही.

"चांदनी, वही घे. मागचा पान काढ."

चांदणीने शेवटचं कोरं पान काढलं. बाबांनी दुसरा श्रावणी सोमवार म्हणून सांगितलं. तिने बोटांवर मोजून तारीख बसवली, वेळ घातली, रकान्यात सोळा लिहिले.

"शेऱ्यात काय लिहू, बाबा?"

इतर पानांवर त्या रकान्यात धुकं, वारा, पाऊस असं काहीबाही असायचं. बाबांनी वही हातात घेतली, लांब धरून आकडा नीट आलाय का ते बघितलं आणि परत दिली.

"काय नको," ते म्हणाले. "सोला लिवलास ना. झाला."