अस्सल गळती

निवृत्त न्यायाधीशांच्या गॅरेजात पेट्रोलचा वास असा मुरला होता की घरात काडी ओढायचीही चोरी. त्यांच्या सासऱ्यांची ती म्हातारी काळी मोटार उभी असली की कार्ब्युरेटरमधून ठिबकायची आणि सुरू केली की खोकून बंद पडायची. खाली एक पातेलं ठेवलेलं असे. पाहुणे आले की न्यायाधीश तेही कौतुकानं दाखवत.

त्यांची बायको दातांची डॉक्टर. एका रविवारी वासानं तिचं डोकं उठलं आणि तिनं कार्ब्युरेटरचं झाकण उघडलं. आतला पितळी फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारी पोकळ डबी, कानाशी हलवून पाहिला. त्यात पेट्रोल शिरलेलं नव्हतं. मग फ्लोट वर आला की पेट्रोलची वाट बंद करणारी छोटी सुई काढून तिनं भिंगाखाली धरली.

"अहो, सुईचं टोक झिजलंय. कप्पा भरला तरी पेट्रोल येतच राहतं. रबरी टोकाची नवी मिळते. मागवू?"

"रबरी?" न्यायाधीशांचा चेहराच उतरला. "अगं, ही सुई गाडीबरोबर कारखान्यातून आलीय! पुढच्या रविवारी क्लबचं प्रदर्शन आहे. एक परका भाग सापडला की गुण कापतात."

"आणि गाडी तिथवर जाणार कशी?"

"ढकलत. सगळे ढकलतच आणतात."

ते खरंच होतं. जुन्या गाड्यांच्या त्या क्लबात गाडी चालवणं जरा हलकंच समजलं जाई. अध्यक्षांची गाडी ट्रकवर बसून यायची आणि अध्यक्ष शेजारी हातमोजे घालून उभे राहायचे.

बायकोनं जुनी सुई परत बसवून झाकण लावलं. किडका दात इस्टेटीसारखा जपणारे रोगी तिनं जन्मभर पाहिले होते. अशांना विचारत बसण्यात अर्थ नसतो. न्यायाधीश क्लबच्या बैठकीला गेले (विषय: टपावरची धूळ पुसावी की जपावी) तेव्हा तिनं नवी सुई बसवली, फ्लोटची उंची पट्टीनं जुळवली आणि पातेलं धुऊन स्वयंपाकघरात नेलं.

प्रदर्शनाच्या सकाळी शेजारी बाह्या सरसावून गाडी ढकलायला आले.

"एकदा स्टार्टर दाबून तर बघा," बायको म्हणाली.

गाडी सुरू झाली ती थेट मैदानावर जाऊनच थांबली. वाटेत न्यायाधीश लहान मुलासारखे हसत होते. फाटक दिसताच त्यांनी चेहरा गंभीर केला.

क्लबचे परीक्षक वाकले, हुंगले, कार्ब्युरेटरखाली बोट फिरवून पाहिलं.

"कोरडा? या वयात?" त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "उघडा बघू."

रबरी टोक सापडलं. गुण कापले गेले. पहिलं बक्षीस ज्या गाडीला मिळालं तिच्यात इंजिनच नव्हतं, त्यामुळे परका भाग सापडायचा प्रश्नच आला नाही.

परतताना न्यायाधीश धुमसत होते. "तू गाडीच्या इतिहासाला हात लावलास!"

"कसला इतिहास? मी शाळेत होते तेव्हा बाबांनीच ती सुई बदलली होती. त्याआधीची तर त्यांनी घासून घासून संपवली."

न्यायाधीशांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "हे क्लबात बोलू नकोस हं."

घराचं वळण आलं, पण त्यांनी गाडी सरळच नेली.

"कुठे निघालात?"

"टेकडीवर. चढ जमतो का बघू."

जमला. वर पोचल्यावर त्यांनी इंजिन बंदच केलं नाही. नुसते त्याचा आवाज ऐकत बसले.

पुढच्या आठवड्यात क्लबचे परीक्षक गाल धरून दवाखान्यात आले. खुर्चीत बसले, दार नीट लागलंय ना ते पाहिलं आणि हळूच म्हणाले, "डॉक्टर, दात ठीक आहे माझा. ती सुई कुठे मिळते?"

"सांगते," ती दिवा ओढत म्हणाली. "आलाच आहात तर आधी आ करा."