काळ्या कागदातली बाटली

नवऱ्याचे, बसलिंगप्पाचे दात वाजायला लागले, तसा सिद्धम्मानं सलाईनच्या नळीवरचा चाप हळूच आवळला. थेंब थांबले. बाहेर सोलापूरचं वैशाखातलं ऊन आणि हा दोन चादरींखाली कुडकुडत होता. घटकाभरानं हुडहुडी ओसरली.

"बरं वाटलं बग," तो पुटपुटला.

अठरावा दिवस. शहात्तर साली मुंबईला जाऊन हृदयाची झडप बदलून आणली, तिला वर्ष होत नाही तोच तिच्यावर बुरशी चढली. लोणच्यावरची बुरशी सिद्धम्माला ठाऊक होती. माणसाच्या काळजात ती शिरते कशी, हे काही तिला उमगलं नव्हतं. औषध एकच. रोज सहा तास थेंब थेंब द्यायचं, आणि ते अंगात गेलं की माणूस खाटेसकट हलायचा. औषधाला उजेड चालत नाही, म्हणून बाटलीला काळा कागद. आत किती उरलं ते दिसायचं नाही; पाळी बदलून आलेली सिस्टर तशीच बाटली उतरवून न्यायची. सिद्धम्मा दमली होती. त्याचे हाल बघवेनात, म्हणून सुरुवातीपासूनच ती चाप आवळत आली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तापाचा तक्ता पाहिला आणि डोळे चोळले.

"औषध लागू पडत नाही, बाई. ताप हटला असता तर झडप पुन्हा बदलता आली असती. आता उगाच मूत्रपिंडं कशाला खराब करायची? बंद करू. घरी न्या."

बसलिंगप्पानं सुटल्यासारखे डोळे मिटले. सिद्धम्मानं डॉक्टरांची वाट अडवली.

"लागू पडंल कसं, डाक्टरसाहेब? अंगात गेलंच न्हाय. निम्मं मीच अडवलं."

डॉक्टरांनी तक्ता मिटला. रागवायचंही त्राण त्यांच्यात नसावं.

"सिस्टर, नवी बाटली लावा. सगळी जाऊ द्या. खात्री मात्र देत नाही."

तासाभरात खाट खडखडू लागली.

"चाप आवळ की, सिद्धम्मा."

"न्हाय आवळायची."

वैरागच्या बाजारात घसा फोडून भाव पुकारणाऱ्या या माणसानं घरात वीस वर्षं आवाज चढवला नव्हता.

"मारायला बसलीस व्हय मला? जा हितनं! तोंड दावू नगंस!"

तोंडात पदर कोंबून ती बाहेर आली. सिस्टरला त्याच्याजवळ बसवलं. मग व्हरांड्यातल्या खिडकीआड, त्याला दिसणार नाही अशी उभी राहून ती बाटली संपेपर्यंत थेंब बघत राहिली.