पलीकडच्या काठावरचं दुकान

ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांतले सगळे शुक्रवार आमच्याकडे मासे तळण्याचे. चर्चच्या हॉलमागे दुपारीच मोठाल्या कढया चढतात आणि संध्याकाळ व्हायच्या आत रांग पार रस्त्यापर्यंत जाते. मार्सेला ओकनफस या रांगेला वर्षानुवर्षं कोबीची कोशिंबीर वाढत आली होती. त्या वर्षी मात्र तिने डाव शेजारच्या बर्निसच्या हातात दिला, आणि स्वतः एका फळीला कागद लावून रांगेतून फिरू लागली. कागद होते गांजाचे. मिझुरी राज्यात कुणाला मौजेखातर गांजा ओढायचा असेल तर ओढू द्यावा का, हा प्रश्न नोव्हेंबरच्या मतदानात लोकांपुढे यावा म्हणून सह्या हव्या होत्या.

बाई सत्तरीच्या पुढची. गावातल्या प्रत्येक मयताच्या जेवणाला कॉफी ओतणारी, वाईनचा दुसरा पेला कधी न घेतलेली. लोक आधी कागदाकडे बघत, मग तिच्याकडे.

"काय गं मार्सेला, ओढायला लागलीस की काय?" लिओ ग्रिथरने विचारलं. लिओ तिच्या नवऱ्याचा दोस्त, बोलायला फटकळ.

"ओढत नाही. तू सही कर."

"नाही, आपलं विचारलं. बरंय. काहीतरी वेगळंच आहे हे," असं म्हणून लिओने सही ठोकली आणि माशांकडे वळला.

आमच्याकडे एखाद्या गोष्टीला 'वेगळंच आहे' म्हटलं की ती अजिबात पटलेली नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मार्सेलाचा तर जन्म इथेच गेला होता. पण तिला सह्या हव्या होत्या, त्यामुळे तिने फक्त सह्या पाहिल्या. आपल्या आईच्या मयताला जिने कॉफी ओतली, तिला तोंडावर नाही म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. सगळ्यांनी सह्या केल्या.

फादर हबर्ट तेवढे बाहेर आले. "मार्सेला, हे हॉलमध्ये नको."

"मग पायरीवर उभी राहू, फादर?"

"पायरीही चर्चचीच आहे."

"आणि फुटपाथ?"

फादरनी जरा विचार केला. "फुटपाथ नगरपालिकेचा," म्हणाले आणि आत गेले. तिने मग फुटपाथ धरला.

गांजाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. त्या कायद्यात खाली आणखी एक कलम होतं, ते तिला हवं होतं. गांजापायी ज्यांच्यावर पूर्वी खटले झाले, त्यांची नावं कोर्टाच्या दप्तरातून पुसली जाणार होती. अशातलं एक नाव तिच्या मुलाचं होतं.

डॅरेनला विशीत नदीवरच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर पकडलं होतं. खिशात एवढीशी पुडी. गावच्या साप्ताहिकात कोर्टाच्या बातम्यांचं एक सदर असतं. कुणी गाडी जोरात हाणली, कुणी दारू पिऊन धिंगाणा घातला, सगळं नावानिशी छापतात, आणि लोक पेपर उघडला की आधी तेच वाचतात. त्यात डॅरेनचं नाव आलं. नॉर्बर्ट, म्हणजे मार्सेलाचा नवरा, चर्चमध्ये लोकांना जागेवर बसवायचं काम करायचा. मान ताठ ठेवून चालायची त्याला सवय. त्याने ती बातमी रात्री जेवताना मोठ्याने वाचून दाखवली. त्याच आठवड्यात पोरगा मिसिसिपी ओलांडून पलीकडे इलिनॉयमध्ये गेला. बापाच्या दफनाला आला तोही कडेला उभा राहिला आणि जेवायला न थांबता परतला.

नाताळला तेवढा फोन करायचा. कुठल्याशा दुकानात काउंटरवर असतो, एवढंच सांगायचा. ती ये म्हणाली की त्याचं एकच उत्तर असायचं. "त्या कोर्टात माझं नाव आहे ना, आई, तोवर मी तिकडे पाय ठेवणार नाही." आणि मी येऊ का म्हटलं की, "तू नको येऊस, मीच येईन." नदी ती केवढी, धक्क्यावर उभं राहिलं तर पलीकडची झाडं दिसतात. मार्सेला कधीकधी किराणा घेऊन येताना तिथे गाडी थांबवून बसायची. मग आइस्क्रीम वितळायला लागलं की घरी जायची.

नोव्हेंबरात मतदान झालं. राज्याने 'हो' म्हटलं, थोडक्या मतांनी. आमच्या काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, मात्र सणसणीत 'नाही' म्हटलं. तिच्या मतदान केंद्रावर 'हो'ची मतं इतकी कमी पडली, की तिच्या एकटीच्या कागदांवर त्याहून जास्त सह्या होत्या. तिने ते पेपरात वाचलं आणि पेपर बाजूला ठेवला. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. कायदा झाला होता.

"हो, वाचलं मी," डॅरेन फोनवर म्हणाला. "बरं झालं."

"मग ये ना थँक्सगिव्हिंगला. लिव्हरच्या डम्पलिंग करते."

"बघतो."

तिने डम्पलिंग केल्या. त्या दुसऱ्या दिवशी तिने एकटीने खाल्ल्या, तिसऱ्या दिवशीही खाल्ल्या. अजून दप्तरात नाव असेल म्हणून आला नसेल, असं तिने मनाला समजावलं. उन्हाळ्यात ती कोर्टात गेली आणि खिडकीत बसलेल्या मुलीला नाव सांगितलं. मुलीने शोधलं, पुन्हा शोधलं. "या नावाचं आमच्याकडे काहीच नाही, मिसेस ओकनफस." मार्सेला कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून आनंदाने रडली. घरी येऊन तिने फोन लावला.

"पुसलं रे नाव! मी स्वतः विचारून आले."

पलीकडे त्याने कुणा गिऱ्हाईकाला 'एक मिनिट' म्हटलं. मग, "बघतो, आई."

त्यानंतर तिने वाट पाहणं सोडलं नाही, पण त्याबद्दल कुणाशी बोलणं सोडलं. घर इतकं गप्प झालं की फ्रिज बंद झाला तरी तिला दचकायला व्हायचं.

एक दिवस ती बर्निसकडे शेंगा सोलत बसली होती. बोलता बोलता म्हणाली, "डॅरेनला आता बापासारखं टक्कल पडलं असेल."

"छे गं, केस आहेत की चांगले," बर्निस मान वर न करता म्हणाली. "दाढी तेवढी पिकलीय."

मग तिचा हात थांबला. मार्सेलाचाही थांबला.

"तू कुठे पाहिलीस त्याची दाढी?"

बर्निसने भांडं उगाच सारखं केलं. "गुडघ्यासाठी जाते ना मी. जायचे. पलीकडे."

"कुठे पलीकडे?"

"दुकानात गं. गांजाच्या. तिकडे केव्हाचं चालतं ते. गोळ्या मिळतात, जेलीच्या, लहान मुलांच्या असतात तशा. रात्री एक घेतली की गुडघा झोपू देतो. डॅरेन काउंटरवर असतो." आता ती थांबेना. "मी एकटीच नाही हं. लिओ जायचा. ऑर्गन वाजवणारी ती तर जायचीच. शनिवारच्या फेरीत अर्धं चर्च असायचं, सगळे आपापल्या गाडीत काचा वर करून बसलेले."

मार्सेला ऐकत राहिली. तिचा पोरगा सगळ्या गावाला भेटत होता, एक तिला सोडून. तिला राग आला, आणि रागाच्या तळाशी हेवा होता, तो तिला स्पष्ट कळला.

"बोलतो काय?"

"तुझं विचारतो. दर वेळी. आईने घर गरम ठेवायची भट्टी दुरुस्त करून घेतली का, थंडी सुरू होईल. रात्रीची गाडी चालवते का अजून. मी सांगायचे सगळं. म्हणायचा, सांगू नका हं तिला."

"म्हणून तुम्ही कुणीच नाही सांगितलंत."

"काय सांगणार? भेटला म्हटलं की कुठे भेटला, हे आलंच ना!"

"आणि एवढं करून मत 'नाही'ला दिलंस."

"म्हणजे काय? आपल्याकडे पोरंबाळं आहेत."

"तिकडे पोरंबाळं नाहीत?"

"तिकडे इलिनॉय आहे," बर्निस म्हणाली, जणू यात समजावण्यासारखं काही नव्हतंच.

मार्सेलाने एक शेंग उचलली आणि पुन्हा ठेवली. "मग आता 'जायचे' का म्हणालीस?"

"आता हायवेवर आपल्याकडेच उघडलं ना दुकान. फेरीचे पैसे कोण घालवतंय? कुणीच जात नाही आता तिकडे."

कायदा तिने आणला होता. तिच्या फळीवरच्या सह्यांनी का होईना, आणला होता. आणि त्या कायद्यामुळे आता डॅरेनला भट्टीचं सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी ती सकाळच्या फेरीने पलीकडे गेली. दुकान बँकेसारखं लख्ख होतं. दारावरच्या रखवालदाराने तिच्या लायसन्सवरची जन्मतारीख पाहून मिशीत हसून तिला आत सोडलं. आत रांग होती. ती रांगेत उभी राहिली. काउंटरवर पिकल्या दाढीचा एक माणूस होता, पाठीला बाक आलेला, आणि तिला क्षणभर तो ओळखू आला नाही. याची तिला फार लाज वाटली.

"काय देऊ?" तो खाली बघतच म्हणाला, मग वर पाहिलं. "आई."

"गुडघ्यासाठी काय आहे?"

"तुझा गुडघा दुखतो?"

"माझा नाही. बर्निसचा."

तो हसला. हसला तेव्हा मात्र तो पुरता तिचाच होता. तिने घाईघाईने सांगून टाकलं, "भट्टी झाली दुरुस्त. रात्री गाडी चालवत नाही मी आता. डोळ्यांना दिवे सहन होत नाहीत." त्याने मान हलवली आणि एक डबी काढून पुढे ठेवली.

"नाव पुसलं रे," ती म्हणाली. "आता यायला काय हरकत आहे?"

"कोर्टातलं पुसलं, आई." तो हळू बोलत होता, शेजारच्या काउंटरवरची बाई ऐकत असावी. "कोर्टाचं मला कधी काही वाटलं नव्हतं. तसं सांगायला सोपं जायचं, म्हणून सांगायचो. त्या रात्री बाबांनी पेपर वाचला. संपल्यावर घडी घालून बाजूला ठेवला. मी तुझ्याकडे पाहिलं, आणि तू मला म्हणालीस, बटाटे घे."

मार्सेलाला ती रात्र आठवत होती. बटाटे आठवत नव्हते.

"काय बोलायचं ते सुचलं नव्हतं मला," ती म्हणाली. "तू जेवला नव्हतास रे."

"माहीत आहे. तुझ्यावर राग नाही माझा. पण त्या टेबलाशी नाही बसता येत मला." त्याने डबी पिशवीत घातली, पिशवीचं तोंड चिकटवलं. "मागे लोक आहेत, आई."

"इथे आलं तर चालेल?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. "गुरुवारी असतो मी," म्हणाला, आणि मागच्या माणसाला हात केला.

तेव्हापासून मार्सेला दर गुरुवारी पलीकडे जाते. गोळ्यांच्या डब्या बर्निसला मिळतात. नदी ओलांडून, म्हणजे दुसऱ्या राज्यातून, आणायला आजही मनाई आहे, पण बर्निसचा गुडघा ते मानत नाही. गावात बोलायचं ते लोक बोलतातच. म्हातारीला नाद लागला, सह्या काय उगाच गोळा करत होती होय, असं. डॅरेनचं नाव मात्र कुणी काढत नाही, काढलं तर आपणही तिकडे जायचो हे आलंच. एकदा लिओ तिला फेरीच्या धक्क्यावर भेटला, तर म्हणाला, "अगं, हायवेवर घरच्या घरी मिळतंय की! तिकडे कशाला मरायला जातेस?"

"तिकडचा माल चांगला असतो," मार्सेला म्हणाली.

गिऱ्हाईक काउंटरशी उभं राहतं तेवढाच वेळ तिला मिळतो. म्हणून रांगेत ती आपल्या मागच्यांना 'तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही' म्हणत राहते, म्हणजे तिचा नंबर येतो तेव्हा तिच्या मागे कुणी नसतं.