ताईंना विचारा

जुन्या ऑफिसात काहीही अडलं की एकच वाक्य कानावर यायचं: ताईंना विचारा. पगाराचा प्रोग्रॅम मध्येच बसला, ताईंना विचारा. रिपोर्टात नुसती शून्यं आली, ताईंना विचारा. साहेब तिच्यापेक्षा वयाने कितीतरी मोठे, पण तेही तिला ताईच म्हणायचे. मग ऑफिसने नवी सिस्टीम आणली, तिच्या हातात फुलांचा गुच्छ ठेवला आणि तिला घरी पाठवलं. तेव्हा मात्र कोणी ताईंना विचारलं नाही.

त्यानंतर तिने जिथे जिथे अर्ज केला, तिथून साधा नकारही येईना. कंपन्यांना म्हणे अनुभवी माणूस हवा असतो. हवा असतो, पण अनुभव भाजीसारखा आजचाच लागतो. ताईची नोकरी अठ्ठावीस वर्षांची. त्यातली पहिली अठरा एका अशा भाषेत प्रोग्रॅम लिहिण्यात गेली, जिचं नाव ऐकून हल्लीची पोरं गालातल्या गालात हसतात; नंतरची दहा रिपोर्ट काढण्यात आणि इतरांचं अडलेलं सोडवण्यात. नवरा गेल्यापासून घरात ती आणि लेक, दोघीच. लेकीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं, आणि तिने सरळ सांगून टाकलं होतं, की या महिन्यात तुझं जमलं नाही तर मी कॉलेज सोडते आणि मिळेल ती नोकरी धरते. पोरगी बोलेल ते करणारी.

शेवटी लेकीनेच बायोडेटा हातात घेतला आणि पहिली अठरा वर्षं काढून टाकली. यात खोटं काही नाही, आपण फक्त सगळं सांगत नाही, असं तिचं म्हणणं. ताई नुसती बघत बसली. त्याच अठरा वर्षांत तिचं लग्न झालं, ही पोरगी झाली, बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत ती कीबोर्ड बडवत होती. एक बटण दाबलं आणि सगळं गेलं. तिला फार वाईट वाटलं. पण युक्ती लागू पडली, आणि आठवड्याच्या आत मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखत काचेच्या खोलीत झाली. समोर चाळिशीचा विभागप्रमुख, मागे अर्धवट पुसलेला फळा. नवी भाषा ताई लेकीकडून शिकली होती, पण शिकणं वेगळं आणि हात बसणं वेगळं. त्याने नावांची यादी अक्षरांच्या क्रमाने लावायला सांगितली, तर हिने आपल्या जुन्या पद्धतीने पानभर प्रोग्रॅम लिहिला. प्रोग्रॅम बरोबर होता. पण तेच काम एका ओळीत करणारी सोय त्या भाषेत तयार असते, हे विभागप्रमुखाने अगदी नरमाईने सांगितलं. ताईला ते ठाऊक होतं, पण ऐन वेळी सुचलं नाही. आपल्या हाताने आपण माती केली, हे तिला तिथेच कळलं.

लॅपटॉप मिटता मिटता त्याने सहज विचारलं, ‘तुमच्या ओळखीत जुन्या भाषेतलं कोणी आहे का हो? आमचा पगाराचा प्रोग्रॅम अजून त्याच भाषेत आहे. नव्या लोकांचे पगार निघतच नाहीत.’

‘ताईंना विचारा,’ ती बोलून गेली.

वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं वाक्य, ते नेमकं तिच्या तोंडून निसटलं.

‘ताई म्हणजे तुमची मोठी बहीण?’

नाही म्हणावं तर गाळलेली वर्षं उघडी पडणार. तिने मान डोलावली. स्वतःचा नंबर बायोडेटावर होता, म्हणून तिने लेकीचा दिला. घरी आल्यावर हे ऐकून लेक पोट धरून हसली. मग दोघींनाही हसण्यासारखं काही उरलं नाही.

चार-पाच दिवसांनी संध्याकाळी लेकीचा फोन वाजला. ताईंशी बोलायचं होतं. तिने फोन आईच्या हातात दिला. विभागप्रमुख अडचण सांगू लागला, तसं ताईने त्याला मध्येच थांबवून विचारलं, तुमची माणसं दहा हजारांवर गेली का? हो, तो म्हणाला. दोन महिन्यांपूर्वीच गेली होती. मग तिने समजावलं, की त्या काळच्या पगाराच्या प्रोग्रॅमांत माणसाच्या नंबराच्या रकान्यात चारच आकडे मावतात, त्यामुळे दहा हजारावा माणूस नुसतं शून्य दिसतो, आणि शून्य दिसलं की तो प्रोग्रॅम यादी संपली असं धरून चालतो. बोलताना ती खोलीत येरझाऱ्या घालत होती. आईचा हा आवाज लेकीने घरात कधी ऐकला नव्हता.

‘ताई, सोमवारपासून याच,’ तो म्हणाला. ‘तीन महिन्यांचं काम आहे. जुनं सगळं नव्या सिस्टीममध्ये घालायचं आणि जुनी बंद करायची. आणि एक सांगू? तुमच्या बहिणीला आम्ही नाही घेऊ शकत. बाई चांगल्या आहेत, पण अनुभव फार कमी पडतो. तुम्हीच त्यांना जरा समजावा.’

ताई भिंतीला टेकली. एरवी तिला हसू आलं असतं, आता डोळे भरून आले.

‘सोमवारी येते,’ ती म्हणाली. ‘पण दारात तुम्हाला तीच दिसेल. मला बहीण नाही.’

मग त्याने विचारलं, बायोडेटातलं खरं किती? लिहिलेलं सगळं खरं, पण ते अर्धंसुद्धा नाही, असं ती म्हणाली. तो अडलेला होता, म्हणून तीन महिन्यांचं काम कायम राहिलं. मुलाखत झाली त्या जागेसाठी मात्र तुमचा अर्ज पुन्हा घेता येणार नाही, तेवढं समजून घ्या मॅडम, असं त्याने सांगितलं. फोन ठेवेपर्यंत ताईची मॅडम झाली होती.

‘काय झालं?’ लेकीने विचारलं.

‘ताईंना घेतलं,’ ती म्हणाली. ‘मला नाही.’

लेकीने मान खाली घातली. ‘मी ती वर्षं काढायला नको होती.’

‘ती होती तेव्हा कोणी दारात उभं केलं नाही. काढली तर मी कमी पडले. तुझं काही चुकलं नाही.’ तिने डोळे पुसले. ‘तू कॉलेज सोडायचं नाहीस. निदान हे तीन महिने तरी.’

मग त्यापुढे काय, असं लेकीने विचारलं. ‘पुन्हा अर्ज करीन,’ ताई म्हणाली, ‘सगळी अठ्ठावीस वर्षं लिहून.’