चिठ्ठीवर आईचे नाव

शनिवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी अपूर्वा आगाशे धायरीतल्या राहत्या घरातून बाहेर पडली. वय सत्तावीस, अंगावर हिरवी रेशमी साडी, पायांत घरातल्या स्लिपर. सव्वाआठला तिचा मोबाइल बंद झाला. साडेनऊला तिचे वडील श्यामसुंदर आगाशे, निवृत्त गणितशिक्षक, यांनी पोलीस ठाण्यात मुलगी हरवल्याची खबर दिली. कारण काय, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले, घरात किरकोळ बोलाचाली झाली, रागावून गेली. काही आजार? नाही. तशी नोंद झाली. लग्न नऊ दिवसांवर होते.

या वेळी डॉ. आयेशा तांबोळी शहराच्या मध्यातल्या एका सभागृहाच्या पायऱ्या चढत होती. 'मनाचा आजार : लपवायचा की सांगायचा?' असा परिसंवाद होता आणि मानसोपचारतज्ज्ञ म्हणून तिला बोलावले होते. ती बोललीही चांगली.

"मधुमेहाची गोळी आपण पाहुण्यांसमोर घेतो आणि मनाची गोळी डाळीच्या डब्यामागे ठेवतो. हे आधी बंद करा," असे ती म्हणाली तेव्हा टाळ्या पडल्या.

प्रश्नोत्तरांत तिसऱ्या रांगेतले एक आजोबा उठले. माईक हातात घेऊन त्यांनी आधी तो नीट तपासला.

"डॉक्टर, भाषण झकास झालं. परवा विश्रांतवाडीला गेलो होतो, आपली पाटी पाहिली. नाव आहे, डिग्र्या आहेत, रविवारी बंद हेही आहे. फक्त कशाच्या डॉक्टर ते नाही. रंग संपला होता का पेंटरचा?"

सभागृह हसले. सूत्रसंचालक गंधारने घड्याळाकडे पाहून पुढचा प्रश्न घेतला. आयेशालाही हसावे लागले. उत्तर तिच्याकडे होते. पहिल्या वर्षी पाटीवर 'मानसोपचार' होते आणि दवाखान्याचा जिना रिकामा होता. तो शब्द खोडला तेव्हा माणसे चढू लागली. पण हे उत्तर नुकत्याच मिळालेल्या टाळ्यांच्या जवळ ठेवण्यासारखे नव्हते.

खाली उतरली तेव्हा फोनवर अपूर्वाच्या आईचे, हेमा आगाशेंचे, सात मिस्ड कॉल होते. अकरा चाळीसला तिने फोन लावला.

"डॉक्टर, माझ्या गोळ्या..." हेमाताई कुजबुजत होत्या. "माझ्या गोळ्या बंद करून सात आठवडे झाले."

आयेशा जागीच थांबली. हेमाताईंना कसलाही आजार नव्हता.

दोन वर्षांपूर्वी हे कुटुंब तिच्याकडे आले ते अख्खे शहर ओलांडून. धायरीपासून विश्रांतवाडीपर्यंत वाटेत डझनभर मानसोपचारतज्ज्ञ लागले असतील, पण ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून त्यांनी दोन बसचा प्रवास पत्करला होता. अपूर्वाला महिनाभर झोप नव्हती, हिंजवडीतल्या ऑफिसात तिने टेबलावर उभे राहून भाषण केले होते, आणि त्यानंतर तीन महिने ती अंथरुणातून उठली नव्हती. निदान अवघड नव्हते. मनःस्थितीची ही दोन टोके लिथियमने आवरतात, पण गोळी चुकवायची नाही, मधूनमधून रक्त तपासायचे. अपूर्वा दोन महिन्यांत सावरली.

श्यामसुंदरनी तेव्हा एकच विनंती केली होती. "चिठ्ठी हिच्या आईच्या नावाने लिहा. मुलीचं लग्न व्हायचंय."

लिहू नये, हे आयेशाला ठाऊक होते. नाही म्हटले तर ही मुलगी पुन्हा जिना चढणार नाही, हेही ठाऊक होते. तिने लिहिली. मग रक्ताचे रिपोर्टही आईच्या नावाने आले. पुढे भेटीलाही आई एकटीच येऊ लागली, "तिला सुट्टी नाही हो." शेवटच्या दोन वेळा रिपोर्ट आलाच नाही. आयेशाने पुढच्या वेळी आणा म्हणून सांगितले आणि गोळ्या लिहून दिल्या.

अपूर्वा सकाळपासून घरी नाही आणि पोलिसांत आजार सांगितलेला नाही, एवढे हेमाताईंनी फोनवर सांगितले होते. सिंहगड रस्त्यावरची वाहतूक पार करून ती धायरीला पोहोचली तेव्हा पाऊण वाजला होता. दिवाणखान्यात पाहुणे होते, कोपऱ्यात रुखवत मांडायला घेतले होते.

"या, या! हेमाच्या भिशीतल्या मैत्रीण," श्यामसुंदर सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले आणि तिला आतल्या खोलीत नेऊन त्यांनी दार लावले. हेमाताई पलंगावर बसल्या होत्या.

"झोप किती होती तिची?" आयेशाने विचारले.

"तासभर. पण दमलेली नाही हो दिसायची! रात्री उठून रुखवताच्या बाहुल्या करायची. साठ झाल्या. कामवालीला स्वतःची अंगठी काढून दिली. सगळे म्हणायचे, लग्नाचं तेज चढलंय मुलीवर. दोन वर्षांनी पोरगी गात होती घरात. मला वाटलं, झाली बरी. आणि चार दिवसांपासून एकाएकी रडायला लागली."

"गोळ्या कुणी थांबवल्या?"

"मी," श्यामसुंदर म्हणाले. "साखरपुडा झाल्यावर. सासरी डबी कुणी पाहिली तर? आणि दोन वर्षांत काही झालं नव्हतं."

"गोळ्या होत्या म्हणून झालं नव्हतं, सर. पोलिसांना आजार सांगा. आत्ता."

"नऊ दिवसांवर कार्य आलंय. सरकारी कागदावर मुलगी वेडी म्हणून लिहून देऊ? उद्या होणाऱ्या जावयाच्या घरी, केदारकडे, कळलं म्हणजे?"

"सज्ञान मुलगी रागावून गेली तर पोलीस वाट बघतात. आजारी मुलगी हरवली तर शोधतात. तिच्या जिवाला धोका आहे. तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगेन."

श्यामसुंदर वाईट माणूस नव्हते. याच मुलीसाठी त्यांनी दोन वर्षांपूर्वी बसच्या दांडीला लटकून शहर ओलांडले होते. पण आता त्यांचा चेहरा फळ्यासमोरच्या मास्तरासारखा झाला. कपाटातल्या साड्यांखालून त्यांनी फाइल काढली आणि पलंगावर ठेवली.

"वाचा. हेमा श्यामसुंदर आगाशे, वय पंचावन्न. रक्त हिचं, आजार हिचा. माझ्या मुलीला काही आहे असं लिहिलेलं एक चिटोरं दाखवा मला. नाही ना? मग पोलिसांना दाखवाल काय? आणि हे अक्षर कुणाचं, डॉक्टर? नाव बदलून औषध लिहिणं कायद्यात बसतं?"

अक्षर तिचेच होते, वळणदार आणि सुवाच्य. नोंदणी जाईल, दवाखाना जाईल, दीडशे पेशंट कुणाकडे जातील, हे सारे तिच्या डोक्यात येऊन गेले. ते किती वेळ येऊन जात राहिले ते तिला सांगता आले नसते. दाराबाहेरून कुणीतरी "काकू, लाडू कुठे ठेवू?" म्हणून विचारत होते. घड्याळात एक वाजून दहा मिनिटे झाली होती.

मग तिने फाइल उचलली आणि ती बाहेर पडली. मागून हेमाताई निघाल्या. "हेमा!" श्यामसुंदर म्हणाले. त्या थांबल्या नाहीत. चपला बदलायच्याही राहिल्या.

पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक वैष्णवी काळभोर यांनी आयेशाचा जबाब वाचला, मग फाइलवरचे नाव वाचले, मग पुन्हा जबाब.

"मॅडम, हे लिहून दिलंत तर उद्या तुमचीच चौकशी लागंल."

"लागू दे. दोन वर्षं मीच खोटं लिहिलंय. आज खरं लिहून घ्या."

"आणि आई सही करणार?"

हेमाताईंनी पेन घेतले. 'काही आजार' या शब्दांपुढे नवी नोंद झाली, आणि दोन वाजून वीस मिनिटांनी सुधारित संदेश सगळ्या ठाण्यांना गेला. पाच मिनिटांत कात्रजहून गस्तीवरच्या एका बीट मार्शलचा फोन आला. वैष्णवींनी तो स्पीकरवर घेतला.

"मॅडम, ही मुलगी मला भेटली होती. बसथांब्यावर. हिरवी साडी, स्लिपर. एक वाजून दहा मिनिटं झाली होती."

"मग सोडली का?"

"बोलायला एकदम हुशार हो. इंग्रजीत कायदा सांगितला मला, सज्ञान आहे म्हणाली. मी सकाळचा मेसेज काढून बघितला. रागावून गेली, आजार नाही. म्हटलं, ताई, घरी एक फोन तरी करा. हो म्हणाल्या. आजार आहे असं त्यात असतं तर बसवून ठेवलं असतं, मॅडम."

हेमाताईंनी पदर तोंडात कोंबला. आयेशाने खाली पाहिले.

दोन गाड्या कात्रजकडे गेल्या. बोगद्याच्या अलीकडे-पलीकडे, हॉटेलांत, दरीच्या कडेला शोध झाला. चार वाजता श्यामसुंदर ठाण्यात आले आणि बाकाच्या टोकाला बसले.

सहा चाळीसला त्यांचा फोन वाजला. केदार.

"हां, केदारराव," ते उठून उभे राहिले. आवाज अगदी सणासुदीचा. "अपूर्वा ना? पार्लरला गेलीय. फोन घरीच राहिला तिचा—"

हेमाताईंनी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला.

"केदार, मी आई बोलतेय तिची. अपूर्वा सकाळपासून सापडत नाही. तिला मनाचा आजार आहे, दोन वर्षं झाली. तिला तुम्हाला सांगायचं होतं. आम्ही सांगू दिलं नाही."

श्यामसुंदर खाली बसले.

"काकू," केदार म्हणाला, "दुपारी एका अनोळखी नंबरवरून मला तीन कॉल आले होते. एक पंचवीसला. मी मीटिंगमध्ये होतो. क्रेडिट कार्डवाले असतील म्हणून... मी कट केले."

वैष्णवींनी नंबर लिहून घेतला. तो साताऱ्याकडच्या एका माणसाच्या नावावर निघाला. फोन चालू होता, पण त्याचे ठिकाण कळायला तास-दीड तास लागेल, असे सांगण्यात आले. तोवर त्या स्वतः नंबर लावत राहिल्या. केदार हिंजवडीहून निघाला होता. आयेशा बाकावर हेमाताईंशेजारी बसून होती.

सात वाजून वीस मिनिटांपर्यंत त्या नंबरवर एकोणीस वेळा फोन लावून झाला होता. दर वेळी घंटी पूर्ण वाजत होती. कुणी उचलत नव्हते.