सात वर्षं तिच्याच नावावर

गुरुवार, कंपनीला सुट्टी. कुरुळी गावात शेजारच्या घरी डोहाळजेवण होतं. कुशाबाई धाकट्या सुनेला घेऊन ओटी भरायला गेल्या. थोरली तनुजा घरीच राहिली. लग्नाला सात वर्षं होऊनही तिची कूस उजवली नव्हती. अशा बाईची सावली गरोदर बाईवर नको, असं कुशाबाईंनी गावभर सांगून ठेवलं होतं. तनुजाने त्यापायी सोमवार धरले, अंगारे खाल्ले, तपासण्या केल्या. तिच्यात काही दोष निघाला नाही. तिच्या नवऱ्याला, गोरक्षला मात्र कुणी तपासायला नेलं नाही. पुरुषाला काय तपासायचं?

खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं. गोरक्षला तरुणपणीच साखरेचा आजार जडला, लग्नापासूनच अडचण होती, आणि तीन वर्षांपासून तर त्यांच्यात नवरा-बायकोसारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टरकडे चला म्हटलं, की तो ताटावरून उठून जायचा.

त्या दुपारी घर रिकामं पाहून त्याने कंपनीतल्या, लाइनवरच्या दोस्ताने दिलेली गोळी घेतली. तासाभरात त्याचा चेहरा लाल झाला, नाक चोंदलं, डोकं ठणकू लागलं.

"खिडकीतला उजेड निळा दिसतोय गं," तो म्हणाला.

"काय घेतलंत तुम्ही?"

त्याने सांगितलं. "पण कुणाला बोललीस तर बघ. गळ्याची शपथ हाय."

एवढं बोलेपर्यंत त्याने छाती धरली. अंगणात गाडी धूत असलेला धाकटा भाऊ सुरज धावत आला आणि तनुजाने व त्याने गोरक्षला चाकणच्या दवाखान्यात नेलं. निरोप मिळताच कुशाबाईही कपाळावरच्या ओल्या कुंकवानिशी येऊन पोचल्या.

डॉक्टर विजयश्री हृदयाचा आलेख पाहत होत्या. नर्स जिभेखाली ठेवायची गोळी घेऊन उभी होती.

"ही द्यायच्या आधी खरं सांगा," डॉक्टर म्हणाल्या. "संबंधासाठीची, ताकदीची म्हणतात तसली गोळी यांनी आज किंवा काल घेतलीय का?"

गोरक्षने डोळे मिटून नकारार्थी मान हलवली.

"आमच्या घरात असलं काय न्हाई," कुशाबाई फणकारल्या. "माझा ल्योक वाघ हाय."

नर्स पुढे वाकली. तनुजाने तिचा हात धरला.

"घेतलीय. आज दुपारी. माझ्यासमोर कबूल केलंय त्यांनी."

सुरजने मान फिरवली. डॉक्टरांनी उपचार बदलले, आणि गोरक्ष वाचला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला घरच्यांसमोरच समजावलं. "साखरेने रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. ही गोळी त्या जागेच्या रक्तवाहिन्या सैल करते, रक्त भरू देते. तेही मनात इच्छा असेल तरच. मूल होण्याचं हे औषध नव्हे. रक्तवाहिन्या सगळ्या शरीरातच सैल होतात, म्हणून डोकं दुखतं, चेहरा लाल होतो, कधी निळसर दिसतं. त्यात छातीदुखीची ही जिभेखालची गोळी पडली, तर रक्तदाब कोसळतो, माणूस जातो. तपासून, विचारून घेतली तर औषध वाईट नाही. आणि हा आजार आहे, त्यात लाज कसली? बायकोला घेऊन या, उपाय आहेत."

गोरक्ष भिंतीकडे तोंड करून पडला होता. डॉक्टर गेल्यावर तो तनुजाला म्हणाला, "मरू द्यायचं होतंस मला."

"धा माणसांत नवऱ्याला नागडं केलंस," कुशाबाई म्हणाल्या. "पुन्ना आमच्या उंबऱ्याला पाय लावू नगंस."

ज्याचा जीव तिने वाचवला होता, त्याने पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

तनुजाने चाकणमध्ये खोली घेतली, पॅकिंगच्या कामाला लागली. दिवाळीच्या तोंडावर तिला कळलं, की रीतसर सोडचिठ्ठी न देताच गोरक्षसाठी मुलगी पाहिली आहे. मराठवाड्यातून कामाला आलेल्या कुसुमताईंची पिंकी. पहिली वांझ निघाली म्हणून सोडली, असं त्यांना सांगितलं होतं.

तनुजा थेट त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेली आणि सगळं सांगितलं.

कुसुमताईंना पटेना. "घर हाय, पर्मनंट नोकरी हाय, हुंडा मागत न्हाईत. आमच्यासारख्याला आजून काय पायजे? आन् तुमी जळून सांगत नसाल कशावरून?"

"चाकणला डॉक्टरीणबाई आहेत. नवऱ्या मुलाला त्यांच्याकडे तपासायला आणा म्हणावं. येतात का बघा. मावशी, आजार त्यांना होता आणि सात वर्षं वांझ मी होते. उद्या तुमची पोरगी होईल."

दाराआड उभी असलेली पिंकी पुढे आली.

"ताई, तुम्ही तिथं बोलला नसता तर?"

"तर ते गेले असते. आणि पांढऱ्या पायाची म्हणून मला तरी घराबाहेर काढलंच असतं."

पिंकी आईकडे वळली. "मला न्हाई करायचं हे लग्न."

नकार कळला तेव्हा कुशाबाईंनी आपल्या दारात उभं राहून तनुजाच्या नावाने शिव्याशाप दिले. गोरक्ष आत टीव्ही पाहत होता. महिन्याभरात त्यांनी कुणाला पत्ता लागू नये म्हणून पार लांबच्या जिल्ह्यात मुलगी शोधली.

त्या मुलीच्या गावाचं नाव तनुजाला सुरजच्या बायकोने गुपचूप फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला तनुजाने त्या गावी जायला सुपरवायझरकडे दोन दिवसांची रजा मागितली.